निकालपत्रक बंद करू नका: मोटार अपघात दावे चालवणाऱ्या वकिलांच्या संघटनेला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
मोटार अपघात दाव्यांत काम करणाऱ्या वकिलांची आपली जिल्हा संघटना

विषय: सदस्यांच्या सोयी बंद करणारे ठराव मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीने तीन ठराव केले. महत्त्वाच्या न्यायालयीन निकालांची माहिती देणारं दर महिन्याचं निकालपत्रक बंद करायचं, बाररूममधला ई-फायलिंगचा (कोर्टात ऑनलाइन अर्ज दाखल करण्याचा) संगणक काढून ते काम पाहणाऱ्या मुलाची नेमणूक रद्द करायची आणि वार्षिक वर्गणी दुप्पट करायची. पहिल्या दोन ठरावांचं कारण म्हणून इतिवृत्तात एकच वाक्य आहे: आता सगळं मोबाईलवर मिळतं. वर्गणीच्या जादा पैशांचं काय करणार, तेही त्याच इतिवृत्तात आहे. वर्धापनदिनाचा सोहळा आणि सभागृहाचं नूतनीकरण.

मी लेखी हरकत दिली, तिला उत्तर आलं नाही. आमसभेत ऐनवेळच्या विषयांत बोलायला उभी राहिले, तर वेळ संपल्याचं सांगून सभा आटोपली. म्हणून आता उघड लिहिते आहे. अपघातात घरचं माणूस गमावलेल्या कुणी हे वाचलं, तर त्यांनाही कळावं, की आपल्या दाव्याची रक्कम वकिलाच्या टेबलावर कोणता कागद वेळेवर पोचला यावरही ठरते. ही बाब फक्त आपल्या चार भिंतींतली नाही.

मी संघटनेत आले तेव्हा माझ्या घरात कुणी वकील नव्हतं आणि सिनिअरचं ऑफिसही नव्हतं. हे काम मी निकालपत्रकातून शिकले. दोन-तीन पानं, झेरॉक्स केलेली, कोपऱ्यात स्टेपल मारलेली, आणि समासात पत्रक काढणाऱ्या सरांच्या हातचं निळ्या शाईतलं टिपण. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला गुणकाचा (मृताच्या वयानुसार वर्षाच्या नुकसानीला गुणायच्या आकड्याचा) तक्ता त्याच पत्रकातून कापून मी डायरीच्या पुठ्ठ्याला चिकटवला होता. वय 26 ते 30 ला 17, 31 ते 35 ला 16, 36 ते 40 ला 15. आज माझ्या हाताखालच्या ज्युनिअर मुली तोच तक्ता वापरतात. त्यांच्यापैकी एकीच्याही घरात वकिली नाही. त्यांनी कुठून शिकायचं, याचं उत्तर मला कार्यकारिणीकडून हवं आहे.

मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं आहे. निकाल मिळतात, शेकड्याने मिळतात. त्यातला आपल्या ट्रिब्युनलपुढे (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे) उपयोगी कोणता, नंतरच्या निकालाने फिरवलेला कोणता, कोणत्या तारखेपासून लागू, हे सांगणारं माणूस मोबाईलवर मिळत नाही. निकालपत्रक ते काम करत होतं.

एक उदाहरण आकड्यांसकट देते, म्हणजे मी भावनेच्या भरात लिहिते आहे असं कुणी म्हणणार नाही. नुकताच एका सहकाऱ्याने मला एका दाव्याचा मसुदा नजरेखालून घालायला दिला. मृत 34 वर्षांचा, भाजीचा टेम्पो चालवणारा, महिना कमाई 15 हजार. मागे बायको, दोन मुलं आणि आई. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळीसच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 21 हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून वैयक्तिक खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 15,750. वर्षाचे 1,89,000, गुणक 16, एकूण 30,24,000. इथपर्यंत मसुदा बरोबर होता. पुढच्या ठरावीक रकमा मात्र जुन्या होत्या: सहवासाच्या हानीचे (जवळच्या माणसाची सोबत गमावल्याचे) 40 हजार तेही फक्त पत्नीला, अंत्यविधीचे 15 हजार, संपदेच्या हानीचे 15 हजार. एकूण 70 हजार.

प्रणय सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 31 ऑक्टोबर 2017 ला या रकमा ठरवताना दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढही सांगून ठेवली आहे. म्हणजे 2020 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 44 हजार आणि 16,500, तर 2023 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 48,400 आणि 18,150. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या मॅग्मा निकालानंतर सहवासाची हानी मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते. चौघांचे 48,400 प्रमाणे 1,93,600, त्यात अंत्यविधी आणि संपदेसाठी दोनदा 18,150. एकूण 2,29,900. मसुद्यात आणि कायद्यात 1,59,900 रुपयांचा फरक. त्या सहकाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तो तालुक्याच्या कोर्टात दिवाणी, फौजदारी, महसूल सगळंच करतो आणि अपघाताचा दावा त्याच्याकडे कधीमधी येतो. अशा माणसासाठीच संघटना असते. आणि 2026 च्या ऑक्टोबरअखेरीपासून हे आकडे पुन्हा बदलतात. तेव्हा ते कोण कळवणार?

मुदतीचं प्रकरण तर याहून गंभीर आहे. 1994 च्या दुरुस्तीने दावा दाखल करायची मुदत मोटार वाहन कायद्यातून गेली, आणि आपल्या ज्येष्ठांची सगळी उमेदीची वर्षं बिनमुदतीच्या कायद्यात गेली. 2019 च्या दुरुस्तीने कलम 166(3) आलं आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करणं बंधनकारक झालं. ज्या घरातला कमावता माणूस गेला, तिथे सहा महिने कसे जातात हे आपण सगळे पाहतो. दिवसकार्य, दवाखान्याची उधारी, पोलीस ठाण्याच्या खेपा, मग कुणीतरी सांगतं, की वकिलाला भेटा. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की याचिका प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत टळली या कारणावरून ट्रिब्युनलने किंवा उच्च न्यायालयाने दावे फेटाळू नयेत. इतका मोठा आदेश, आणि आपल्या संघटनेकडून सदस्यांना एक ओळ गेली नाही. आदेशानंतरही आपल्याकडच्या एका तरुण वकिलाने मुदत गेली म्हणून एका बाईंना परत पाठवलं. त्या दुसऱ्या ओळखीतून माझ्यापर्यंत आल्या म्हणून त्यांचा अर्ज दाखल झाला. ज्यांना अशी ओळख मिळाली नाही, त्यांचा हिशेब आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

चालकाची चूक सिद्ध न करता भरपाई मागायच्या कलम 140 आणि 163 ए खालचे अर्ज तर अजूनही दिसतात, 2022 नंतरच्या अपघातांसाठीसुद्धा. ती दोन्ही कलमं गेली, त्यांच्या जागी 164 आलं, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. हे सांगायला एक पान पुरतं.

आता संगणकाबद्दल. ई-फायलिंगला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण प्रत्येक सदस्याकडे स्कॅनर नाही, आणि अपघाताच्या दाव्याला कागद थोडे नसतात. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मरणोत्तर पंचनामा), पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, दोषारोपपत्र, आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, दवाखान्याची बिलं, पगाराचा दाखला. दवाखान्याची बिलं तर कधी चुरगळलेली, कधी शाई उडालेली. ते सगळं सरळ करून, पानांना क्रमांक घालून, पीडीएफ ठरलेल्या आकारात बसवून चढवणं हे त्या मुलाचं काम होतं. तो ते वीस रुपयांपासून करायचा. आता तालुक्याहून येणारे सदस्य कोर्टासमोरच्या दुकानात रांगेत उभे राहतात. तिथे पक्षकाराच्या आधार कार्डाची, बँक पासबुकाची प्रत कुणाच्या संगणकात राहते, याची विचारपूस कोण करतं? 22 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दावेदारांची आधार, पॅन अशी ओळख अर्जातच घ्यायला सांगितली आहे आणि भरपाई बँक खात्यात देण्यावर भर दिला आहे. म्हणजे हे कागद आता प्रत्येक दाव्यात येणार. ते सुरक्षित जागी हाताळणं ही चैन म्हणता येणार नाही.

त्याच निकालामागचं कारण मला फार अस्वस्थ करतं. ट्रिब्युनलमध्ये जमा झालेल्या भरपाईच्या मोठमोठ्या रकमा कुणी न्यायलाच आलं नाही म्हणून पडून आहेत. यामागे काय घडतं ते आपल्याला ठाऊक आहे. बाप गेला तेव्हा मूल सहा-सात वर्षांचं. त्याच्या वाट्याची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत. पुढे आई माहेरी जाते, घर बदलतं, आजोबा जातात, वकील बदलतो किंवा निवर्ततो. मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा त्याला कुणी सांगत नाही, की तुझ्या नावावर कोर्टात पैसे आहेत. अशी एक मुलगी मला माहीत आहे. नर्सिंगची फी भरता येईना म्हणून ती शिक्षण सोडायच्या बेतात होती. तिच्या मामांना घरातल्या ट्रंकेत जुन्या निवाड्याची नक्कल सापडली, त्यावरचा दावा क्रमांक पाहून मी अर्ज केला आणि ठेव मिळाली. दिवंगत आणि निवृत्त सदस्यांच्या जुन्या फायली संघटनेने त्यांच्या कुटुंबांकडून मागून घेतल्या, अज्ञान (अल्पवयीन) वारसांची एक नोंदवही केली आणि ट्रिब्युनलच्या कार्यालयाशी ती ताडून पाहिली, तर अशी किती मुलं सापडतील! हे काम एकट्या वकिलाला जमणारं नाही, संघटनेलाच जमेल. मी कार्यकारिणीला हे सुचवलं होतं. त्यावर चर्चादेखील झाली नाही.

पोलिसांकडच्या कागदांबाबतही तीच उदासीनता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2022 पासून तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा आहे. पीडित कुटुंबाला त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा आहे. 15 डिसेंबर 2022 च्या गोहर मोहम्मद निकालात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पोलिसांत खास पथकं नेमायला सांगितलं. आपल्याकडे हे किती पाळलं जातं, हे रोज पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणाऱ्या सदस्यांना विचारा. दावा राहत्या ठिकाणी करता येतो, म्हणून समृद्धी महामार्गावर बुलढाण्याच्या हद्दीत झालेल्या अपघाताचा दावा आपल्या ट्रिब्युनलमध्ये चालतो आणि कागदांसाठी मात्र वकिलाने किंवा त्या विधवा बाईने तिकडच्या ठाण्यात खेपा घालायच्या. संघटनेने पोलीस अधीक्षकांकडे शिष्टमंडळ नेलं असतं, शेजारच्या जिल्ह्यांतल्या वकिलांशी कागद मिळवून देण्याची एकमेकांना मदत ठरवली असती, तर यातल्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या. संघटनेच्या लेटरहेडला पोलीस ठाण्यात जे वजन आहे, ते एकट्या ज्युनिअरला नाही.

डॉक्टरांच्या साक्षीचा प्रश्न जखमींच्या दाव्यात सगळ्यांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालापासून नियम स्पष्ट आहे: दाखल्यावरचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाची कमाई किती बुडाली हे पाहायचं. हात गमावलेल्या सुताराचं आणि हात गमावलेल्या कारकुनाचं नुकसान सारखं नसतं. पण ते सिद्ध करायला डॉक्टर साक्षीला यावे लागतात, आणि ओपीडी सोडून दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायला त्यांची तयारी नसते. त्यांचंही चुकत नाही. ठरलेली वेळ, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर साक्ष, साक्षीचा वाजवी भत्ता, यावर संघटना, डॉक्टर आणि ट्रिब्युनल एकत्र बसून तोडगा काढू शकतात. माझ्या माहितीत अशी एकही बैठक झालेली नाही.

एजंटांबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण हा विषय काढला की बाररूममध्ये आवाज खाली येतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर कोरी वकीलपत्रं घेऊन माणसं उभी असतात. सुतकातल्या घरी जाऊन सह्या घेतल्या जातात. मग निवाड्याच्या रकमेत ठरावीक टक्के वकिलाचे, त्यातले काही एजंटाचे. बार कौन्सिलच्या नियमांत काम मागत फिरणं आणि निकालावर अवलंबून फी ठरवणं, दोन्हीला मनाई आहे. हे आपण सनद घेताना वाचलेलं आहे. जे सदस्य सरळ काम करतात त्यांचं यात दुहेरी नुकसान होतं. काम जातं, आणि आपल्या व्यवसायाबद्दल गावात जे बोललं जातं ते त्यांनाही ऐकावं लागतं. सरळ वागणाऱ्या सदस्याच्या पाठीशी उभं राहणं हीदेखील संघटनेची सेवाच आहे, आणि ती आजवर मिळालेली नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहिणं जड जातं. मागच्या पावसाळ्यात आपला एक तरुण सदस्य तारीख संपवून दुचाकीवर घरी जाताना महामार्गावर अपघातात गेला. शोकसभा झाली, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. त्यानंतर त्याच्या पत्नीने विचारलं, की वकील कल्याण निधीतून काही मिळतं का. त्याने त्या निधीचं सदस्यत्व घेतलं होतं की नाही, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. महाराष्ट्रात वकील कल्याण निधीचा कायदा 1981 चा आहे. सदस्यत्वाचा अर्ज स्वतः करावा लागतो, वकीलपत्रावर वेल्फेअर तिकीट लावलं म्हणजे झालं असं नसतं, हे कितीतरी ज्युनिअरना माहीत नाही. आपण दिवसभर दुसऱ्यांच्या अपघाताचे दावे चालवतो, आणि आपल्या सदस्यांसाठी साधा सामूहिक अपघात विमा नाही. तो मागणारा अर्ज कार्यकारिणीकडे पडून आहे.

महिला सदस्यांच्या स्वच्छतागृहाची कडी अनेक महिने तुटलेली आहे. नूतनीकरणाच्या आराखड्यात व्यासपीठ आहे, ध्वनियंत्रणा आहे, त्या दाराची दुरुस्ती नाही.

माझ्या मागण्या अशा.

निकालपत्रक पुन्हा सुरू करा. छापायला पैसे नसतील तर पीडीएफ काढा, पण दर महिन्याला काढा, मराठीत काढा. त्यात त्या महिन्याचे महत्त्वाचे निकाल असावेत, आणि भरपाईच्या ठरावीक रकमा, गुणक, मुदत यांचा अद्ययावत तक्ता कायम शेवटच्या पानावर असावा. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यूला मिळणारे 2 लाख आणि गंभीर दुखापतीला मिळणारे 50 हजार, त्यासाठी तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा अर्ज, मे 2025 पासूनची दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना, हे सगळं पक्षकाराला सांगता यावं अशा साध्या भाषेत त्यात यावं.

संगणक आणि त्यावरचा माणूस परत आणा. दर थोडा वाढवला तरी कुणी तक्रार करणार नाही. पक्षकारांचे कागद काम झाल्यावर संगणकातून काढून टाकायचा नियम मात्र लेखी करा.

वर्गणीवाढीचा ठराव आमसभेपुढे आणा आणि त्याआधी मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब नोटीस बोर्डावर लावा. वर्गणी वाढवण्याला माझा विरोध नाही. वाढीव रकमेतला पहिला खर्च सामूहिक अपघात विम्यावर आणि कल्याण निधीचे अर्ज भरून घेण्यावर व्हावा, सोहळ्यावर नंतर.

अज्ञान वारसांच्या ठेवींसाठी एक छोटी समिती नेमा. पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि विमा कंपन्यांचे अधिकारी यांच्याबरोबर दर तिमाहीला, राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी, एक बैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त सदस्यांना द्या.

एजंटगिरीच्या तक्रारी ऐकायला तीन ज्येष्ठ सदस्यांची समिती करा, त्यात एक महिला सदस्य असावी. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहील याची हमी द्या. आणि प्रत्येक सदस्याने पक्षकाराला फीची मराठीतली लेखी चिठ्ठी द्यावी असा ठराव करा. मी माझ्यापुरती ती देते.

दाराची कडी उद्या बसवून घ्या. त्याला ठराव लागत नाही.

या पत्राची सहीनिशी प्रत सचिवांच्या टेबलावर ठेवली आहे. विशेष आमसभा बोलावण्यासाठी सदस्यांच्या सह्यांचं निवेदन बाररूममध्ये फिरतं आहे. नियमाप्रमाणे लागणाऱ्या सह्या जमल्या की तेही देऊ. तोवर निकालपत्रकाचं संपादन कोण करणार हा अडसर असेल, तर पहिल्या वर्षाचं काम मी आणि माझ्या दोन ज्युनिअर बिनमानधन करायला तयार आहोत. पुढच्या महिन्याचा मसुदा तयार आहे. कार्यकारिणीने फक्त तो सदस्यांना पाठवायची परवानगी द्यावी.

कळावे,
आपली नम्र,
संघटनेची एक सदस्य